मेंढीच्या दुधातली यीस्ट आणि सरकीच्या ढेपेतली बुरशी

सोयाबीन निघालं की वर्धा जिल्ह्यातल्या उघड्या पडलेल्या वावरांत मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. काही कळप इथल्या धनगरांचे असतात, काही दशकांमागे गुजरातेतून विदर्भात आलेल्या रबाऱ्यांचे. शेतकरी रात्री कळप वावरात बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला चराई मिळते. या व्यवहारात दूध मात्र कुठेच नसतं. मेंढीचं दूध आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारात मांडलेलं दिसत नाही. कोकरू पिऊन उरेल तेवढं मेंढपाळाच्या चहात पडतं, कधी त्याचं दही लागतं, आणि गोष्ट तिथेच संपते.

जगात मात्र दुधातल्या यीस्ट आणि बुरशी यांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञ पुन्हापुन्हा मेंढीच्या दुधाकडे वळले आहेत. फ्रान्सचं रॉकफोर्ट, इटलीचं पेकोरिनो, ग्रीसचं फेटा ही चीज प्रामुख्याने मेंढीच्या दुधाची. त्यांतली काही आजही दूध न तापवता करतात. त्या कच्च्या दुधात मुळात कोण राहतं, चीजची चव कुणामुळे येते आणि बिघडते कुणामुळे, हे प्रश्न तिथे रोजच्या कमाईशी जोडलेले आहेत. आपल्याकडे हा विषय निघतो तो भीतीपोटी. दह्यावर बुरा आला, दुधाला आंबूस वास आला, की आपण दचकतो. या सगळ्या माहितीचा वर्ध्याच्या नजरेने आढावा घेतला की माझ्या मते एक निष्कर्ष ठळकपणे पुढे येतो. कच्च्या दुधात जिवंत सापडणाऱ्या यीस्टला आपण गरजेपेक्षा जास्त भितो. जी बुरशी दुधात कधी वाढतच नाही, गोठ्यातल्या ढेपेच्या पोत्यात बसून फक्त आपलं विष दुधात पाठवते, तिच्याकडे मात्र आपलं लक्ष नसतं.

आधी दुधाबद्दल. मेंढीचं दूध दाट असतं. त्यात घनपदार्थ सुमारे १८ टक्के, स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनं साडेपाच ते सहा टक्के असतात. गाईच्या दुधात एकूण घनपदार्थच १२ ते १३ टक्के भरतात. म्हणून मेंढीचं दही सुरीने कापता येईल असं घट्ट लागतं. सूक्ष्मजीवांना यात खायला भरपूर आहे, पण यीस्टला ते सहजी मिळत नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि ती फोडणं बहुतेक यीस्टना जमत नाही. पाव फुगवणारं यीस्ट लॅक्टोजपुढे उपाशी राहतं. शिवाय ताजं दूध आम्ल नसतं, त्याचा सामू साडेसहाच्या थोडा वर असतो. अशा वातावरणात जिवाणू इतक्या वेगाने वाढतात की यीस्टची पाळीच येत नाही. त्यामुळे नीट काढलेल्या कच्च्या दुधात यीस्टची संख्या मिलिलिटरमागे साधारण शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत सापडते. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्या भारतीय मानकांत मिलिलिटरमागे दोन लाखांपर्यंत जिवाणू असलेलं कच्चं दूध ‘फार चांगलं’ या वर्गात बसतं. यीस्ट दुधात अल्पसंख्यच असतात.

ती दुधात येतात बाहेरून. निरोगी कासेत तयार होणारं दूध जवळजवळ निर्जंतुक असतं. सडाची कातडी, कासेभोवतीची लोकर, लेंड्या, माती, चारा, काढणाऱ्याचे हात, भांडं, हवा आणि माशा, इतक्या वाटांनी यीस्ट आणि बुरशीचे बीजाणू आत शिरतात. मेंढीला सड दोनच, आणि कास जमिनीला जवळ. वावरात बसलेल्या कळपात दूध काढताना मातीचा आणि कुटाराचा कण त्यात पडणारच. म्हणून यीस्टची यादी प्रदेशागणिक आणि ऋतूगणिक थोडी बदलते. एकाच कळपाचं उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यातलं दूध तपासलं तरी फरक दिसतो. तरीही काही नावं जगभरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा येतात.

त्यात आघाडीवर आहे डेबारिओमायसिस हॅन्सेनी. हे यीस्ट समुद्राच्या पाण्यातही सापडतं आणि २० टक्के मिठातही तग धरतं. म्हणून खारवलेल्या चीजवर त्याचं राज्य असतं. ते लॅक्टिक आम्ल खातं, त्यामुळे चीजच्या पृष्ठभागाची आंबटाई उतरते आणि पुढच्या सूक्ष्मजीवांना वाट मिळते. यारोविया लिपोलिटिका स्निग्धांश फोडतं, आणि मेंढीच्या तुपाळ दुधात त्याला चंगळ असते. चीजमध्ये थोडंसं यारोविया चव देतं, जास्त झालं की खवट वास येतो आणि रंग तपकिरी पडतो. रोडोटोरुलाच्या वसाहती गुलाबी-केशरी दिसतात. कँडिडा या मोठ्या कुळातल्या अनेक जाती सापडतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी, काही मात्र रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या परिचयाच्या. जिओट्रिकम कँडिडम यीस्ट आणि बुरशी यांच्या सीमेवर उभं आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक यांनी १८०९ सालीच त्याचं वर्णन केलं. जुन्या दह्यावर किंवा सायीवर जो मखमली पांढरा थर येतो, त्यात बहुधा त्याचा हात असतो.

या सगळ्यांत वर्ध्यासाठी सर्वांत महत्त्वाचं यीस्ट मला क्लुइव्हेरोमायसिस मार्क्सियानस वाटतं. लॅक्टोज फोडू शकणाऱ्या मोजक्या यीस्टपैकी ते एक आहे. शिवाय बहुतेक यीस्टना २५ ते ३० अंशांचं तापमान मानवतं, हे मात्र ४५ अंशांतही वाढतं, काही वाण त्याहून वरही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा इतर यीस्ट हतबल होतात आणि हे जोमात असतं. उन्हाळ्यात उघड्यावर राहिलेल्या दुधाला किंवा दह्याला फळांसारखा, किंचित दारूसारखा वास येऊन त्यात बारीक बुडबुडे दिसले, तर आधी अशाच यीस्टवर संशय घ्यावा. जिवाणूंनी आंबवलेल्या दह्याला हा वास नसतो. मठ्ठ्याचं मडकं वरचेवर त्याच विरजणावर चालवणाऱ्या घरांत ही यीस्ट वर्षानुवर्षं वस्तीला असू शकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उन्हाळा वाढला की विरजण बदलावं आणि मडकं उन्हात कोरडं तापवून घ्यावं, एवढं पुरतं.

याच कुळातल्या क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिसची कथा मेंढ्या-शेळ्यांच्या माणसाळण्याशी जोडलेली आहे. त्याच्या रानटी जातभाईंना लॅक्टोज फोडता येत नाही. ते फळमाश्यांच्या सोबतीने राहतात. मग दुधातल्या जातीला ही विद्या आली कुठून? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने उत्तर दिलं की लॅक्टोज आत घेण्याची आणि फोडण्याची जनुकं या यीस्टला मार्क्सियानसकडूनच मिळाली. संशोधकांनी मांडलेलं चित्र असं आहे: हजारो वर्षांपूर्वी एखाद्या पशुपालकाच्या दुधाच्या भांड्यात फळमाशी पडली, तिच्या अंगावरच्या रानटी यीस्टचा दुधातल्या मार्क्सियानसशी संकर झाला, आणि त्यातून दुधावर जगणारी नवी जात निपजली. ही घटना नेमकी अशीच घडली असा पुरावा कुणाकडे असणं शक्य नाही, पण जनुकांची देवाणघेवाण झाली हे स्पष्ट आहे. माणसाने मेंढी पाळली तेव्हा नकळत यीस्टही पाळलं गेलं. आज बाजारात मिळणारं बरंचसं लॅक्टोजमुक्त दूध याच लॅक्टिसच्या विकराने तयार होतं, आणि चीजसाठी दूध घट्ट करणारं शाकाहारी रेनेटही यीस्ट आणि बुरशी यांच्याकडून मिळतं. वासराच्या जठराची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. गोसेवेचा विचार जिथे रुजला त्या वर्ध्याने ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी.

आता बुरशी. कच्च्या दुधाच्या तपासणीत पेनिसिलियम, ॲस्परजिलस, म्यूकर, क्लॅडोस्पोरियम, फ्युझेरियम ही नावं येतात. या बुरशी दुधात वाढत नाहीत. बीजाणू म्हणून येतात आणि वाट पाहतात. वाढायला त्यांना हवा लागते, पृष्ठभाग लागतो. दूध हे द्रव, जिवाणूंनी भरलेलं माध्यम त्यांच्या सोयीचं नाही. दही, खवा, पनीर, चीज असा घट्ट पृष्ठभाग मिळाला की त्या रुजतात.

रॉकफोर्ट हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. फ्रान्सच्या दक्षिणेत कोंबालू डोंगराच्या गुहांत, नैसर्गिक भेगांमधून येणाऱ्या थंड दमट हवेत, लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचं चीज पिकवतात. त्यातल्या निळ्या-हिरव्या बुरशीला पेनिसिलियम रॉकफोर्टी हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स थॉम यांनी १९०६ मध्ये दिलं. पूर्वी तिथले लोक राय या धान्याच्या पावाला गुहेत बुरा येऊ देत आणि त्याची पूड दुधात मिसळत. १९२५ साली फ्रान्सने कायदा करून हे नाव त्या गावाच्या चीजपुरतं राखून ठेवलं. दूध, जात, गुहा, बुरशी या चारही गोष्टींना त्यांनी आपली मालमत्ता मानलं.

याच बुरशीचं दुसरं ठिकाण मात्र आपल्या पशुपालकाला जास्त ओळखीचं वाटेल. पेनिसिलियम रॉकफोर्टी मुरघासातही सापडते. थंडी, कमी प्राणवायू आणि आंबटाई या तिन्ही गोष्टी सहन करण्याची ताकद तिच्यात असल्यामुळे नीट न दाबलेल्या, पिशवीला भोक पडलेल्या मुरघासात तिचे निळसर गोळे होतात. जनुकीय अभ्यासांत चीजमधले वाण आणि मुरघासातले वाण वेगळे निघाले. चीजचे वाण माणसाने शतकानुशतकं निवडलेले, मुरघासातले रानटी. त्यामुळे ‘चीजमध्ये खातात तीच बुरशी आहे, जनावराला काय होणार’ असं म्हणून निळा पडलेला मुरघास गव्हाणीत टाकणं चुकीचं आहे. तो भाग काढून फेकावा.

वर्ध्यात रॉकफोर्ट होईल का, असा प्रश्न कुणी विचारील. गुहेचं तापमान १० अंशांच्या आसपास असतं, आणि आपल्याकडे तशी हवा फक्त विजेवर मिळते. शिवाय आपल्या देशी मेंढ्या दुधासाठी निवडलेल्या नाहीत. कोकरू उपाशी ठेवून चीज करण्यात मला शहाणपण दिसत नाही. वर्ध्याच्या उष्ण-दमट पावसाळ्यात ज्या बुरशीचं फावतं, ती वेगळीच आहे. इथे आपण मुख्य मुद्द्याशी आलो.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. कापसाची सरकी, सरकीची ढेप, आणि ढेपेवर पोसलेली दुभती जनावरं, ही इथली साखळी. आर्वी-कारंजा-आष्टी भागातली गौळाऊ गाय, नागपुरी म्हैस, गोठ्यातल्या संकरित गाई, सगळ्यांच्या घमेल्यात ढेप असते. सरकी तेलकट आणि पौष्टिक, आणि ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीला ती फार आवडते. या बुरशीचे काही वाण अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. यकृतावर घाला घालणारं आणि कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं हे विष जगाला कळलं ते ढेपेमुळेच. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या काही महिन्यांत मेल्या. कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरसटलेली शेंगदाण्याची पेंड. भारतात १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ पसरली. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. मरणाऱ्यांत तोच मका खाणारे कुत्रेही होते.

ढेपेतून हे विष दुधात कसं येतं? जनावराने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ चं यकृतात रूपांतर होऊन एम-१ तयार होतं आणि ते कासेवाटे बाहेर पडतं. गाईच्या बाबतीत खाल्लेल्या विषाचा साधारण १ ते ३ टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहून अधिक भाग दुधात उतरतो. मेंढीत हे प्रमाण बरंच कमी आहे. विषारी ढेप खाल्ल्यावर एका दिवसाच्या आत दुधात एम-१ दिसतं, आणि ती ढेप बंद केल्यावर तीन-चार दिवसांत ओसरतं. शेतकऱ्याच्या हातात काय आहे ते यावरून कळतं. दोष जनावरात राहत नाही, घमेल्यातून येतो आणि घमेलं बदललं की जातो.

यीस्ट आणि बुरशीचे बीजाणू दूध उकळलं की मरतात. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद या पाश्चरीकरणातही जवळजवळ सगळे जातात. एम-१ मात्र उकळीला दाद देत नाही. दही लावलं तरी ते राहतं. प्रथिनांना चिकटत असल्यामुळे पनीर-चीजमध्ये ते एकवटतं, आणि खवा आटवताना पाणी उडून गेल्यामुळे वजनामागे वाढतं. म्हणून मला असं म्हणावंसं वाटतं की वावरात काढलेलं, यीस्टने भरलेलं मेंढीचं दूध चुलीवर उकळून प्यायलेला मेंढपाळ, कुबट ढेप खाल्लेल्या गाईचं स्वच्छ पिशवीतलं दूध पिणाऱ्या शहरातल्या माणसापेक्षा बुरशीच्या बाबतीत अधिक सुरक्षित असू शकतो. प्लेटवर उगवलेल्या वसाहती मोजून दुधातल्या बुरशीचा धोका कळत नाही. यीस्ट-बुरशीची नेहमीची चाचणी क्लोरॅम्फेनिकॉल घातलेल्या माध्यमावर, २५ अंशांवर पाच दिवस करतात. ती स्वच्छतेबद्दल सांगते, विषाबद्दल एक अक्षर सांगत नाही. विषासाठी पट्टीची झटपट चाचणी किंवा प्रयोगशाळेतली अधिक अचूक चाचणी लागते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. भेसळीची चर्चा आपल्याकडे फार होते, पण जिवाला अपाय करणारी भेसळ त्या पाहणीत मोजक्या नमुन्यांत सापडली, आणि एम-१ त्याच्या कितीतरी पट. प्रक्रिया केलेल्या दुधात ते कच्च्या दुधापेक्षा जास्त होतं. आपली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपची त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. लहान मुलांच्या दुधाचा विचार केला तर आपली मर्यादा सैल आहे असं माझं मत आहे, पण आहे ती तरी पाळली जावी.

ढेपेतली बुरशी पुष्कळदा शेतातच सुरू होते. गुलाबी बोंडअळी बोंडातून बाहेर पडताना भोक पाडते, त्या भोकातून ॲस्परजिलसचे बीजाणू सरकीपर्यंत पोचतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हा संबंध फार पूर्वी उलगडला. २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भाचा कापूस पोखरला. चर्चा कापसाच्या नुकसानीची झाली, ती रास्तच होती. पण त्या बोंडांतली सरकी घाणीवर गेली, तिची ढेप झाली आणि ती दुभत्या जनावरांनी खाल्ली. बोंडअळीचा प्रश्न हा दुधाचाही प्रश्न आहे, हे आपल्या कृषी खात्याने आणि दुग्ध खात्याने एकत्र बसून मानायला हवं. ॲरिझोनात शास्त्रज्ञांनी बुरशीला बुरशीच अडवायला लावली. विष न करणारा ॲस्परजिलस फ्लेव्हसचा एक वाण दाण्यांवर वाढवून कापसाच्या शेतात सोडतात, तो जागा व्यापतो आणि विषारी वाणाला रुजू देत नाही. २००३ साली तिथे या पद्धतीला मान्यता मिळाली. आपल्या मातीतले असे निर्विष वाण शोधण्याचं काम नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या दारातलं आहे.

मेंढ्यांचा कळप इथे पुन्हा येतो. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीवर उरलेल्या किडक्या बोंडांत अळी दडून राहते, म्हणून फरदड न घेता शेत मोकळं करावं आणि त्यात मेंढ्या-शेळ्या चारून उरलीसुरली बोंडं संपवावीत, असा सल्ला शास्त्रज्ञ देतात. सल्ला चांगला आहे. त्याचा अर्थ मात्र असाही होतो की अळीने पोखरलेली, कदाचित बुरसटलेली सरकी आपण मेंढीच्या पोटात घालतो. मेंढीच्या दुधात विष कमी उतरतं, मेंढी गाईपेक्षा ते जास्त सोसते, तरी पिती कोकरं आणि मेंढपाळाची मुलं लक्षात घ्यायला हवीत. फक्त चराईवर असलेला कळप आणि पऱ्हाटीत चरलेला कळप, दोघांच्या दुधाची तुलना होणं फार उपयोगाचं ठरेल.

कच्च्या दुधाबद्दल एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी यीस्टची बाजू घेतली, कच्च्या दुधाची नाही. मेंढी-शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जिवाणू माणसाच्या शरीरात शिरतो, ताप महिनोन्‌महिने येतो-जातो, सांधे धरतात, आणि निदान उशिरा होतं. त्याच्यापुढे यीस्टचा धोका किरकोळ आहे. दूध उकळूनच प्यावं. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांना, दुधातली एरवी निरुपद्रवी यीस्टही क्वचित त्रास देतात.

कासदाहाबद्दलही थोडं सांगायला हवं. तो बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतो. पण सडात प्रतिजैविकाच्या नळ्या वारंवार आणि अस्वच्छ हाताने सोडल्या की जिवाणू मरतात आणि यीस्टला, बुरशीला मोकळं रान मिळतं. स्पेनमधल्या दुभत्या मेंढ्यांत दूध आटवताना सडात सोडलेल्या औषधानंतर ॲस्परजिलसचा कासदाह झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यात मेंढ्या दगावल्या. प्रतिजैविक यीस्टवर चालत नाही. दोन-तीन दिवसांत गुण आला नाही तर आणखी कडक औषध मागण्याआधी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

थंड साखळीनेही दुधातल्या यीस्टचं चित्र बदललं आहे. २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरी यांच्या विदर्भ-मराठवाडा प्रकल्पात वर्धा जिल्हा आला, गावागावांतून दूध गोळा होऊन शीतकरणाच्या टाक्यांत जाऊ लागलं. चार अंशांवर मार्क्सियानससारखी उष्णताप्रिय यीस्ट गप्प बसतात आणि डेबारिओमायसिस, यारोविया यांसारखी थंडी सोसणारी टिकून राहतात. टाकीची तोटी, रबरी नळी आणि वॉशर हे त्यांचं घर. इथे रोजची धुलाई खरी कामाची.

वर्ध्याला या विषयाचा वारसा आहे. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झालं. गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत असल्यामुळे ते शेळीचं दूध घेत. १९४१ साली जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाची धुरा उचलली, आणि गोरस भांडाराचं गाईचं दूध आणि गोरसपाक आजही वर्ध्याची ओळख आहे. हेटीकुंडीला गौळाऊ पैदास केंद्र आहे. सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, मगनवाडीत ग्रामोद्योगांवर संशोधन करणारी महात्मा गांधी संस्था आहे, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे आणि तासा-दीड तासावर नागपुरात पशुवैद्यक विद्यापीठ. यीस्टची जात ओळखायला आज जनुकीय चाचण्या आहेत, आणि मोठ्या रुग्णालयांत रक्तातला कँडिडा ओळखणारं यंत्र दुधातलाही ओळखू शकतं. धनगर आणि रबारी कळपांतलं दूध, गावातल्या मडक्यांतलं विरजण आणि गोठ्यांतली ढेप, या तिन्हींचे नमुने वर्षभर, ऋतूनुसार तपासावेत. उष्णतेत टिकणारी इथली यीस्ट जतन करून ठेवावीत. एखादं चांगलं विरजण त्यातून मिळालं तर ते ज्या घरातून आलं त्या घराच्या नावाने नोंदवावं. फ्रान्सने एका गावाची बुरशी शंभर वर्षं जपली, आपण मेंढपाळाच्या मडक्याकडे निदान आदराने पाहू शकतो.

पशुपालकांना मात्र संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. पावसाळ्याआधी महिनोन्‌महिने पुरेल एवढी ढेप भरून ठेवू नका, लागेल तशी घ्या. पोती उघड्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर रचा, छताची गळती आधी काढा, जुनी ढेप आधी संपवा. वास कुबट आला, गोळे झाले, हिरवट-पिवळी भुकटी दिसली तर ती ढेप दुभत्या जनावराला देऊ नका, चांगल्यात मिसळूनही देऊ नका. बुरशी दिसली नाही म्हणून विष नाही असं धरू नका. ढेप घेताना दुकानदाराला तपासणीचा कागद मागा, कारण पशुखाद्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ ला आपल्या मानकांत किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. आणि गावच्या दूध संकलन केंद्राकडे वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपताना आणि एकदा हिवाळ्यात नवी ढेप आल्यावर, एम-१ च्या तपासणीची मागणी करा. ती मागणी एका शेतकऱ्याने केली तर दुर्लक्षित होईल. गावाने एकत्र केली तर केंद्राला ती टाळता येणार नाही.